परमिट रूममधला हवालदार

मी परक्या इमारतीत शिरून परक्या बाईच्या हातचं पोटभर जेवलो, यात माझी काडीचीही चूक नव्हती. हे मी त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि आज इतक्या वर्षांनी पुन्हा सांगतो आहे. तेव्हा कुणी ऐकलं नाही. निदान तुम्ही तरी नीट ऐकून घ्या.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. विरार पूर्वेला चंदनसारला तेव्हा नुकत्याच इमारती उठू लागल्या होत्या. काल जिथे भात डोलत होता तिथे आज पायाचा खड्डा, आणि उद्या त्या खड्ड्यात बेडकं. आमच्या बिल्डरनं एका ओळीत पाच इमारती उभ्या केल्या होत्या, ए पासून ई पर्यंत. पाचही चार मजली, पाचही पिस्ता रंगाच्या, पाचांचेही जिने उजवीकडे वळणारे. नावांच्या पाट्या ‘येत्या पंधरवड्यात’ लागणार होत्या (तो पंधरवडा तीन वर्षं चालला!). रस्त्यावर दिवे नव्हते. आम्ही बी मध्ये, पहिल्या मजल्यावर, डाव्या हाताला. आमच्या इमारतीची खूण एकच, समोरचा रेतीचा ढीग. ढीग दिसला की वळायचं, एक जिना चढायचा, डावं दार. यात चुकण्यासारखं काय आहे?

त्या शनिवारी मी ‘सोनचाफा’ परमिट रूममधून घरी येत होतो. दीड पेग. (हा आकडा लक्षात ठेवा. यावर पुढे बराच वाद होणार आहे.) रेतीचा ढीग दिसला, वळलो, जिना चढलो, डावं दार. दार उघडं होतं आणि दाराला निळ्या फुलांचा आमचाच पडदा होता. अख्ख्या वसाहतीनं तो पडदा एकाच फेरीवाल्याकडून घेतला आहे, हे मला कोण सांगणार? आत टीव्हीवर मालिका चालू होती आणि माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती.

“आलात? ताट वाढून ठेवलंय,” ती मान न वळवता म्हणाली.

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून असंच, पाठीमागून ऐकत आलो होतो. हात धुतले, बसलो, जेवायला लागलो.

“आमटीत मीठ कमी आहे,” मी म्हणालो.

“मग उद्यापासून तुम्हीच करा.”

आता सांगा! यात संशय घेण्यासारखं काही होतं? उत्तर शब्दाशब्दानं आमच्याच घरचं होतं. मी निर्धास्तपणे दुसरा भात कालवला, आणि तेवढ्यात दारात हातात भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस येऊन उभा राहिला.

“आपण कोण?” मी विचारलं. घरमालक या नात्यानं हे विचारणं माझंच काम होतं.

“मी दळवी. आणि आपण माझ्या ताटात काय करताय?”

बाईनं मान वळवली. त्यानंतर ती जी किंचाळली, ती ए पासून ई पर्यंत सगळ्यांनी ऐकली. नंतर चौकशीत निघालं ते असं की बिल्डरच्या माणसांनी त्याच दुपारी रेतीचा ढीग बी समोरून उचलून डी समोर नेऊन टाकला होता. म्हणजे चूक कुणाची? बिल्डरची! पण लोकांनी रेती सोडली आणि दीड पेग धरला.

घरी पोचलो तेव्हा मंगल, म्हणजे माझी बायको, खिडकीत उभी होती. दीड तास उभी होती म्हणे. मी सगळी हकिगत सांगितली. ती ओरडली असती तर मी निभावून नेलं असतं. तीही सवय आहे. पण ती ओरडली नाही.

“आठवडाभर राबता, एक शनिवार मित्रांत बसता. बसा. ते मी बंद करणार नाही,” ती म्हणाली. “पण यापुढे एकट्यानं परत यायचं नाही.”

“मग काय, तू येणार मला न्यायला?”

“मी कशाला? हवालदार येईल.”

हवालदार म्हणजे आमचा कुत्रा. माझ्या ऑफिसातल्या लोपीसची वटार गावात केळीची वाडी आहे. तिथून केळ्यांच्या घडाबरोबर तो आमच्याकडे आला. रंग खाकी, चाल रुबाबदार, म्हणून नाव हवालदार. जातीनं अस्सल गावठी, पण वेळेचा पक्का. मंगल त्याला बरोबर साडेआठला सुक्या बोंबलाचा भात घालायची. आमचं घड्याळ मागं पडायचं, हवालदार कधी नाही. आठ वीस झाले की तो असेल तिथून घराकडे निघायचा, आणि घरचं जे माणूस बरोबर असेल त्याला ओढत आणायचा. कितीही अंधार असो, आमचं दार तो बरोबर शोधायचा. हे मंगलनं हेरून ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी मी हवालदारला घेऊन ‘सोनचाफा’च्या दारात उभा राहिलो. मालक हरीदादा गावचाच. भाताची शेतं बिल्डरला देऊन उरलेल्या तुकड्यावर त्यानं परमिट रूम काढली होती, तरी विचारलं की स्वतःला शेतकरीच म्हणवायचा. त्यानं गल्ल्यावरूनच हात आडवा केला.

“पाटकरसाहेब, कुत्रा आत नाय आनाचा.”

“माझंही तेच मत आहे, दादा. एवढं जरा माझ्या बायकोला सांगाल का?”

“मी कशाला सांगू? बायको तुमची!”

“मग काय करू?”

“बाहेर बांधा त्याला. हितं मानसं बसतात.”

बाहेर बांधण्यासारखा खांब नव्हता, रिकाम्या बाटल्यांचा एक क्रेट होता. त्याला साखळी अडकवली आणि मी आत जाऊन बसलो. पहिला घोट घेतोय तोच खण्‌खण्‌खण् असा आवाज आला. हवालदार माझ्या टेबलाकडे येत होता आणि चोवीस बाटल्या त्याच्या मागून येत होत्या! कोपऱ्यातला एक जण खुर्चीवर चढून उभा राहिला.

“सोडा, सोडा त्याला!” हरीदादा ओरडला. “कुत्रा चालंल, काचा नको!”

अशा रीतीनं चंदनसारात कुत्र्याला परमिट रूममध्ये प्रवेश मिळाला. हवालदार माझ्या टेबलाखाली बसला. तो कुणावर भुंकला नाही. कुणाच्या चण्यांत तोंड घातलं नाही. जुनी गाणी म्हटली नाहीत, आपल्या साहेबाला शिव्या दिल्या नाहीत आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या गळ्यात पडून ‘तू माझा भाऊ आहेस’ असंही म्हणाला नाही. हरीदादा सारखा वाकून त्याच्याकडे बघत होता. इतकं सभ्य गिऱ्हाईक त्यानं दुकान काढल्यापासून पाहिलं नव्हतं.

आठ वीसला मात्र हवालदारनं ड्यूटी सुरू केली. प्रथम हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली. मी दुर्लक्ष केलं. मग पँटची कड दातांत धरली. मी “अरे, थांब रे” म्हटलं. मग त्यानं छताकडे तोंड करून असा काही गळा काढला की आतला स्वयंपाकी कुणी गेलं का हे बघायला बाहेर आला. मी ग्लास अर्धा टाकून उठलो. साडेआठला घरात! खड्डे, रेती, पडदा, कशाचीच अडचण आली नाही.

असे चार शनिवार गेले. दरम्यान दळवी माझा मित्र झाला. (एकदा एका ताटात जेवलं की फार दिवस रागावून बसता येत नाही.) तो बुधवारी बसायचा. माझं वक्तशीरपणे घरी येणं दळवीवहिनी डी च्या गॅलरीतून बघत होत्या. एक दिवस त्या आमच्याकडे साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच मुद्द्यावर आल्या.

“मंगलताई, बुधवारचा तुमचा कुत्रा मोकळाच असतो ना?”

झालं! महिन्याभरात आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी हवालदारच्या ड्यूट्या चढल्या. सोमवार ए इमारत. मंगळवार सी. बुधवार दळवी. शुक्रवारी दोन घरांत भांडण झालं, तेव्हा मंगलनं चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला ओढून आणलं त्याच्या घरी बोंबलाचा भात मिळतो, हे हवालदारच्या लगेच लक्षात आलं. तो अंगानं भरला. रस्त्यानं जाताना बायका त्याला थांबून नमस्कार तेवढा करायच्या बाकी होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

आणि मग तो शनिवार आला. आम्ही पाच जण एका टेबलाला होतो. आठ वीस झाले. हवालदार उठला, त्यानं पाचही जणांचे चेहरे ओळखले आणि पाच भातांचा हिशेब मनाशी केला असावा. त्यानं एकेकाची पँट धरून पाचही जणांना उठवलं! साडेआठला चंदनसारच्या रस्त्यानं पुढे कुत्रा आणि मागे एका रांगेत पाच कर्ते पुरुष चाललो होतो. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून आम्हाला वाट दिली.

सोमवारी हरीदादानं मला गाठलं.

“पाटकरसाहेब, साडेआठला तर लोकं बसाला येतात. माजं हॉटेल साडेआठला रिकामं! हा कुत्रा हाय का सरकारी मानूस?”

खरं सांगतो, मीही पेटलो होतो. माझ्या आयुष्यातलं एकमेव मोकळं टेबल कुत्र्यानं उठवलं होतं. पाच जणांनी त्याच टेबलाला बसून (बुधवारी, दुपारी, रजा टाकून!) ठराव केला की परमिट रूममध्ये कुत्रा नको. पाटी मी रंगवायची असं ठरलं, कारण अक्षर माझं चांगलं. सोसायटीच्या पाणी जाणार, गच्ची बंद, वर्गणी द्या अशा सगळ्या सूचना मीच लिहायचो. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात मी जीव ओतून लिहिलं: ‘कुत्र्यांना सक्त मनाई. हुकमावरून.’ खाली दोन रेघा मारल्या.

पाटी लागली त्याच संध्याकाळी मंगल भाजी घेऊन येताना तिच्यासमोर थांबली. घरी येऊन शांतपणे भेंडी चिरायला बसली.

“त्या पाटीवरचं अक्षर ओळखीचं वाटलं,” ती म्हणाली.

“असेल. अक्षरं काय, सारखीच असतात.”

“खालच्या दोन रेघासुद्धा?”

मी पेपर तोंडासमोर धरला. तिनं पुढची भेंडी चिरायला घेतली. आमच्या संसारात मंगल गप्प बसली की काहीतरी मोठं शिजत असतं.

दोन दिवसांनी अकरा बायका ‘सोनचाफा’त शिरल्या. पुढे मंगल, शेजारी दळवीवहिनी. हरीदादा उठून उभाच राहिला, कारण त्याच्या दुकानात एकदम अकरा बायका फक्त उद्घाटनाच्या दिवशी आल्या होत्या. मंगलनं गल्ल्यावर एक कागद ठेवला.

तो काळ तुम्हाला आठवत असेल तर कागद कसला ते कळलंच असेल. गावोगावच्या बायका तेव्हा दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करायच्या आणि मतदान मागायच्या. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडव्या बाटलीला मतं जास्त पडली की दुकानाला कुलूप. पेपरात रोज कुठली तरी बाटली आडवी झाल्याची बातमी असायची.

“कुत्रा आत घेताय, की बाटली आडवी करू?” मंगलनं विचारलं.

“वयनी, असं काय करता? मी शेतकरी मानूस!”

“पहिली सही वाचा.”

हरीदादानं वाचली. पहिली सही त्याच्याच बायकोची होती! त्यानं पोऱ्याला न सांगता स्वतःच जाऊन स्वतःसाठी पाणी आणलं आणि ते पिऊन म्हणाला, “रविवारी मीटिंग घेऊ. दोन्ही बाजू ऐकू.”

रविवारी सकाळी सी इमारतीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये हरीदादा आणि हरीदादाच्या खुर्चीखाली हवालदार. विषय एकच, कुत्र्याला परमिट रूममध्ये घ्यावं की नाही. पुरुषांतर्फे मी बोलणार होतो. आदल्या रात्री मी आरशासमोर सराव केला होता आणि या वेळी माघार नाही असं स्वतःला बजावलं होतं.

“मित्रहो आणि भगिनींनो,” मी सुरुवात केली. “पहिला मुद्दा स्वच्छतेचा. जिथे माणसं खातात तिथे जनावरानं घाण केली तर?”

“हरीदादा,” मंगल बसल्या जागेवरून म्हणाली, “तुमच्या दुकानात आजवर उलट्या कुणी केल्या?”

हरीदादानं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. तीन जणांनी आपापल्या चपला बघितल्या.

“कुत्र्यानं नाय केली,” हरीदादा कबूल झाला.

“दुसरा मुद्दा,” मी आवाज चढवला, “शांततेचा! कुत्रा रडतो, गळा काढतो...”

“गेल्या होळीला टेबलावर उभं राहून कोण रडलं होतं? आईची आठवण काढून?” दळवीवहिनींनी विचारलं. दळवी माझ्या मागे लपला.

“तिसरा मुद्दा!” आता मी मागे हटणार नव्हतो. “कुत्र्याला शिस्त नसते. तो कुणाच्याही घरात शिरतो, कुणाच्याही ताटात तोंड...”

वाक्य अर्धं झालं आणि माझ्याच लक्षात आलं. मग पहिल्यांदा दळवीवहिनी हसल्या, मग बायका, मग हरीदादा, आणि शेवटी माझ्या बाजूचे चारही पुरुष माझ्याच खांद्याला धरून हसायला लागले. मी मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

हशा ओसरल्यावर मंगल उठली. ती मात्र हसत नव्हती.

“मला यांच्या पिण्याचं काही नाही,” ती म्हणाली. “मला त्या खड्ड्यांची भीती वाटते. ‘सोनचाफा’पासून आमच्या दारापर्यंत पायाचे सात खड्डे आहेत, मी मोजलेत. पाण्यानं भरलेले, कठडा नाही, दिवा नाही. ई मागच्या खड्ड्यात पडून एकाचा पाय मोडला. त्या शनिवारी हे दळवींकडे भात कालवत होते आणि मी दीड तास खिडकीत उभी राहून सातही खड्डे मनातल्या मनात शोधत होते. कुत्रा बरोबर असला की मी खिडकीत उभी राहत नाही. बास, एवढंच.”

मला खरं तर तिथेच उठून पाटी काढून टाकावीशी वाटली. पण चार पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून नको ते निघतं.

“मला घरी यायला कुत्रा लागत नाही!” मी म्हणालो. “येत्या शनिवारी सिद्ध करतो. साडेआठच्या आत एकटा घरी येईन. आलो तर कुत्रा कायमचा बाहेर.”

“आणि नाही आलात तर?”

“तर कायमचा आत! नवी पाटी मी स्वतः रंगवेन.”

हरीदादा पंच झाला. अटी ठरल्या. शनिवारी मी आणि हवालदार दोघांनी ‘सोनचाफा’त बसायचं. आठ दहाला मी निघायचं, आठ पंधराला हरीदादानं कुत्रा सोडायचा. बायका आमच्या बी च्या गॅलरीत थांबून बघणार.

त्या शनिवारी मी दीड पेग सोडाच, अर्धाही घेतला नाही. नुसतं लिंबू सरबत! हातात घड्याळ, खिशात टॉर्च, डोळ्यांत निर्धार. आठ दहाला हरीदादानं “निघा” म्हटलं आणि मी निघालो. दहा पावलं चाललो, टॉर्च काढला, तर तो पेटेचना. (सेल आमच्या मुलाच्या खेळण्यातल्या गाडीत गेले होते, हे मागाहून कळलं.) नेहमीच्या वाटेवर सुरुवातीलाच दोन खड्डे. मला मंगलचं बोलणं आठवलं. म्हटलं, उगाच धोका नको, मागच्या पक्क्या रस्त्यानं जाऊ. दोन मिनिटं वाचतीलही. रेतीच्या ढिगावर या वेळी मी विसंबणार नव्हतो. मी इमारती मोजल्या. पहिली, दुसरी. आमची दुसरी! वळलो, जिना चढलो, डावं दार, निळा पडदा. घड्याळात आठ एकवीस! मी पडदा झटक्यात बाजूला सारला आणि छाती काढून आत शिरलो.

आत दळवी बनियनवर जेवायला बसला होता.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? माझं घर, माझा पाट, आणि माझा मित्र बनियनवर! माझं डोकंच फिरलं.

“दळवी! माझ्या घरात काय करतोयस तू? तेही आज?”

दळवीनं हातातला घास ताटात ठेवला. “पाटकर,” तो हलकेच म्हणाला, “खाली बस. किती घेतलीस?”

“एक थेंबही नाही! मंगल कुठाय?”

“तुझ्या घरी असेल. बी मध्ये. हे डी आहे.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या रस्त्यानं मोजलं तर दुसरी बी. मागचा रस्ता ई कडून सुरू होतो, त्यानं मोजलं तर दुसरी डी. पाच इमारती, दोन रस्ते, आणि मोजणारा मी. वहिनी नव्हत्या, त्या आमच्या गॅलरीत माझी वाट बघत होत्या. टीव्हीवर तीच मालिका चालू होती. मी पाटावर बसलो आणि दळवीनं, बिचाऱ्यानं, मला पाणी दिलं.

“आत्ता धावत गेलास तर...” तो घड्याळाकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात पडदा हलला. खालून एक खाकी नाक आत आलं, मग सगळा हवालदार आला. तो आठ पंचवीसलाच आमच्या घरी पोचला होता. गॅलरीतल्या अकरा बायकांनी टाळ्या वाजवल्या, मंगलनं बोंबलाचा भात समोर ठेवला. पण त्यानं घरभर फिरून बघितलं, मी नाही म्हटल्यावर ताटलीला तोंड लावलं नाही, आणि आल्या पावली परत जिना उतरला. हे मला मंगलनं नंतर सांगितलं. त्या क्षणी मात्र माझ्या पँटची कड त्याच्या दातांत होती.

डी पासून बी पर्यंत, अकरा बायकांच्या देखत, लिंबू सरबत प्यायलेला एक सज्जन गृहस्थ कुत्र्यामागून चालत आला. खड्डे आले तिथे हवालदारनं वळसा घेतला, मीही घेतला. आठ पस्तीस झाले होते. जिन्यात मंगल खाली उतरून आली होती. मला वाटलं आता हसेल. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “सरबतच प्यायलात ना?”

“सरबतच.”

“मग कुत्रा पाहिजेच हो,” ती म्हणाली. “सरबतावर हे, तर...”

शब्द दिला होता, तो पाळला. दुसऱ्याच दिवशी पत्रा उतरवून मी नवी पाटी रंगवली. मजकूर हरीदादानं सांगितला: ‘कुत्र्यांना प्रवेश आहे. पाटकरांना कुत्र्याशिवाय प्रवेश नाही.’ खाली दोन रेघा. बायकांनी कागद फाडला, बाटली उभीच राहिली.

पुढे इमारतींना पाट्या लागल्या, रस्त्यावर दिवे आले, खड्ड्यांवर आणखी इमारती उभ्या राहिल्या. मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी माझा शनिवार बंद केला. हवालदारचा कुणी बंद केला नाही. तो अजून दर शनिवारी सातला एकटा ‘सोनचाफा’त जातो, माझ्या खुर्चीशेजारी बसतो, हरीदादा त्याला एक उकडलेलं अंडं देतो. आता म्हातारा झालाय, कान गेलेत, आठ वीसला उठायचं कधी कधी विसरतो. मग साडेआठला मंगल त्याला आणायला मला पाठवते.

आणि मी चपला घालत असलो की दर शनिवारी न चुकता बजावते, “जाताना तेवढं जपून जा हं. येताना काही काळजी नाही, तो आहे बरोबर.”